बांधापलीकडचा पालक

बाईनं पिशवी टेबलावर उपडी केली. पालकाची जुडी बाहेर पडली. तिनं त्यातली मूठभर पानं चुरगळली आणि तोंडात कोंबायला सुरुवात केली.

विनोदिनी मेश्राम खुर्चीतून उठली केव्हा आणि तिनं बाईचं मनगट धरलं केव्हा, हे श्रीपादरावांना कळलंच नाही.

"थुंका आधी!"

"काहून थुंकू? विष असन तर मरन मी. मंग तरी पटन लोकायले, का हे मी नाई केलं!"

"मेल्यावर कोणाले काही पटत नाही. मी विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासण्यात केस पिकवले. थुंका."

बाई खिडकीबाहेर थुंकली. खाली रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी शनिवारची गर्दी होती. श्रीपादरावांनी पाण्याचा पेला पुढे केला. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून ते विनोदिनीच्या तपासांची टिपणं लिहून ठेवत. आपल्यामुळे तिच्या कामाला मदत होते की खोळंबा, हा प्रश्न त्यांना रोज पडत असे, आणि विचारण्याचा धीर मात्र होत नसे.

बाईचं नाव प्रेमला. नवा रायपूरच्या कडेला तिच्या महिला गटाला भाडेपट्ट्यानं शेत मिळालं होतं. सांडपाणी प्रकल्पाचा ठेकेदार तिथला गाळ वाळवून गाळखत म्हणून फुकट देई. त्या खतावर गटानं पालक लावला. तो मुलींच्या एका वसतिगृहात जाई. वसतिगृहानं सहज म्हणून भाजी तपासली, तर पानांत कॅडमियम निघालं.

"म्हणजे किडनीचा शत्रू," श्रीपादराव हळूच म्हणाले. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं होतं.

"मंग गाळखतालेच धरायचं," विनोदिनी म्हणाली. "तुम्हाले काहून धरलं?"

"तेच तं! बांधाच्या पलीकडं ठेकेदाराचा नमुना-प्लॉट हाय. तेच खत, तेच बी, पाणी बी एकाच पंपाचं. त्यायचा पालक साफ निघाला. आता ठेकेदारवाले म्हणून राहिले, का कारखान्याचं पाणी मीच आणून ओतलं. सोमवारी सुनावणी हाय. जमीन जाईन, वरून पोलीस केस. अन् गटातल्या बाया..." तिनं पेला टेबलावर ठेवला. "त्यायच्या पोट्ट्यायनं बी हाच पालक खाल्ला हाय. कोणी बोलत नाई मायाशी."

ती गेल्यावर श्रीपादराव चाचरत म्हणाले, "पानं खाण्याचं ते नाटकही असू शकेल."

"असू शकेल, काका. म्हणूनच उद्या शेत बघू."

रविवारी दुपारी ते पोचले तेव्हा रुंद रस्त्यावर त्यांच्या रिक्षाखेरीज वाहन नव्हतं. रस्ता संपला तिथून लाल, मुरमाड जमीन सुरू झाली. इकडे तिला भाटा म्हणतात.

प्रेमलानं शेतातल्या खोपीत पिठलं-भाकरी वाढली. भाजी तिनं केली नव्हती. पिठल्यात हळद सढळ हातानं पडली होती. श्रीपादरावांनी तांब्याच्या पाण्यानं हात धुतला, पण बोटं पिवळीच राहिली. साबण मागायचा त्यांना संकोच वाटला.

प्रेमलाचा पालक खुरटा, मलूल होता. फक्त एका कोपऱ्यात तो गुडघ्याला लागेल इतका माजला होता.

"इथंच बरा काहून?" विनोदिनीनं विचारलं.

"तिथं बांध फुटला हाय ना. त्यायच्या प्लॉटातलं पाणी उतरते इकडं. आता पाणी तं सगळीकडं एकच... मले नाई समजत."

विनोदिनीनं कोपऱ्यातली पानं एका पिशवीत घेतली, शेताच्या मधली दुसऱ्या पिशवीत. दोन्ही ठिकाणची मातीही घेतली.

गटातली भीमाबाई झाडाखाली बसली होती. प्रेमलाकडे तिनं पाहिलंही नाही.

"मी मायाच डोयानं पाह्यलं," ती म्हणाली. "सकाळी सकाळी ड्रम उपडा करत होती वावरात. काळं पाणी. असा वास, का नाक धरलं मी."

"कसला वास?"

"गोठ्यासारखा."

"अवं, शेण-गोमूत्राचं पाणी होतं ते!" प्रेमला ओरडली. "तुलेच तं बोलावलं होतं हात लावाले. तू म्हणे, कंबर दुखते."

"हव, अन् आता सांगते! माया नातवानं खाल्ला तुया पालक. लेकरू हाय ते." भीमाबाईनं तोंड पदरात लपवलं.

श्रीपादरावांना तिची दया आली, आणि संशयही आला. प्रेमलाच्या जागी गटाची प्रमुख व्हायची इच्छा हिला असेल. त्यांनी तसं कुजबुजून सांगितलं. विनोदिनीनं नुसती मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ त्यांना कधीच लागत नसे.

बांधाच्या पलीकडे, नमुना-प्लॉटाच्या फाटकाशी राखणदार भैय्यालाल उभा होता. त्याच्या बोटांची टोकं पांढरी पडून भेगाळली होती. एक-दोन भेगांतून रक्त दिसत होतं.

"हाथ को क्या हुआ, भैया?" विनोदिनीनं विचारलं.

"घर मा छुही लगाए हन, दीदी." त्यानं हात पाठीमागे नेले.

छुही म्हणजे भिंती सारवायची इकडची पांढरी माती. सण जवळ होता, त्यामुळे श्रीपादरावांना त्यात काही खटकलं नाही.

"प्रेमलाबाई कधी रात्री-बेरात्री काही ओतताना दिसल्या?"

"मैं कुछु नइ देखेंव," तो म्हणाला, आपण काहीच पाहिलं नाही, आणि प्लॉटातल्या शेडच्या दिशेनं पाहू लागला. तिथून प्लॉटाचा प्रमुख येत होता.

पराग तरुण, हसतमुख होता. आजोबा अकोल्याचे, म्हणाला. मराठी सगळी समजत होती, बोलणं मात्र हिंदीत.

"देखिए दीदी, मुझे प्रेमला काकी के लिए बुरा लगता है. मैं खुद बोलूँगा कि सज़ा कम हो. पर साइन्स तो साइन्स है."

"तुमची जमीन अन् तिची जमीन, फरक काही?"

"बिलकुल नहीं. दोनों भाटा. दोनों एक जैसी खट्टी. वही खाद, वही बीज, वही पानी. हमने ऊपर से कुछ नहीं डाला. यही तो मॉडेल है. चालीस गाँव में यही खाद जाने वाली है, इसी प्लॉट को देखकर."

"माती तपासली का कोणी?"

"पत्ते तपासले ना. खाते तो पत्ते ही हैं!" एवढं वाक्य त्यानं अर्धं मराठीत म्हटलं आणि स्वतःच हसला.

त्याच वेळी श्रीपादरावांचा पाय शेडच्या उंबऱ्याला अडला. पडता पडता त्यांनी समोरचं घमेलं धरलं. ते पांढऱ्या भुकटीनं काठोकाठ भरलं होतं. थोडी भुकटी त्यांच्या घामेजल्या हाताला लागली, थोडी सँडलवर सांडली.

"अरे अंकल! छूना मत. चींटियों की पाउडर है."

ओशाळून श्रीपादराव पंपावर गेले. हात पाण्याखाली धरला आणि चटकन मागे घेतला. बोटं लाल झाली होती. जखम कुठेच नव्हती. चोळून लाली जाईना. विषारी पावडर अंगात भिनली, की आपल्या म्हाताऱ्या डोळ्यांना भास झाला? कोणाला सांगितलं तर हसतील. त्यांनी हात रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला.

निघण्याआधी विनोदिनीनं प्लॉटातल्या वाफ्यातून मूठभर माती आणि पानं परागसमोरच उचलली. त्यानं खुशाल नेऊ दिली.

रिक्षात ती सारखी बाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "काका, हात खिशातून काढा."

"कुठे काय..."

"काढा म्हणते ना!"

तिनं बोटं उलटसुलट पाहिली. लाल झालेला रुमाल पाहिला.

"पंपावर साबण होता?"

"नव्हता."

"तुम्ही साबण लावला नाही, नक्की?"

"मी कुठे मागितलाच नाही," श्रीपादराव खजील होऊन म्हणाले.

विनोदिनी पहिल्यांदा हसली. "बरं केलंत." मग तिनं त्यांची सँडल काढून घेतली आणि रस्ताभर ती मांडीवर धरून बसली. श्रीपादरावांनी कारण विचारलं नाही. शहरातल्या ब्राह्मणपारा वस्तीत तिच्या एका मैत्रिणीचं घर होतं. मैत्रीण कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. पिशव्या घेऊन विनोदिनी तिथं उतरली आणि अनवाणी श्रीपादराव एकटेच घरी गेले.

सोमवारची सुनावणी नमुना-प्लॉटाच्या शेडमध्येच होती. चौकशी अधिकारी पूर्णिमा वर्मा मधोमध बसल्या होत्या. एका बाजूला पराग, दुसऱ्या बाजूला प्रेमला. गटातल्या बाया दारात उभ्या होत्या, प्रेमलापासून लांब. कोपऱ्यात दोन पोलीस होते.

"आपको जो कहना है, जल्दी कहिए," पूर्णिमा मॅडम म्हणाल्या. "मराठीत बोला, मला कळतं. माझं माहेर गोंदियाचं."

विनोदिनी उभी राहिली.

"मॅडम, आरोप असा आहे की प्रेमलाबाईंनी बाहेरून धातू आणून जमिनीत ओतला. तसं असतं तर तिच्या मातीत तो जास्त निघायला हवा. पण माती कोणी तपासलीच नाही. काल आम्ही तपासली. कॅडमियम बांधाच्या दोन्ही बाजूंना सारखंच आहे. आमच्यावर विश्वास नसेल तर तुम्ही तुमच्या माणसाकडून आज पुन्हा तपासून घ्या."

शेडमध्ये कुजबुज झाली.

"बाहेरून काहीच आलं नाही. आलं ते गाळखतातून, दोन्ही शेतांत. म्हणजे कोडं उलटं आहे. प्रेमलाबाईंचा पालक विषारी का, हे विचारायचं नाही. पराग यांचा पालक साफ कसा, हे विचारायचं."

पराग हसला. "मैडम, ये तो..."

"थांबा. भाटा जमीन आंबट असते, हे तुम्हीच मला सांगितलं. आंबट मातीत हा धातू सुटा होतो आणि मुळं तो पाण्याबरोबर पितात. पालकासारखी पालेभाजी तर सगळ्यात जास्त पिते. तुमची जमीनही तशीच, असंही तुम्हीच म्हणालात. मग तुमच्या पालकानं तो का नाही प्यायला? कोणीतरी तुमच्या मातीचा आंबटपणा मारला म्हणून. आंबटपणा गेला की धातू मातीला धरून बसतो. असतो तिथंच, पण पानात चढत नाही."

"चुना!" पूर्णिमा मॅडम म्हणाल्या.

"चुना. पण ‘दीदी, तुमच्याकडे पुरावा काय,’ असं हे विचारतील. पहिला पुरावा प्रेमलाबाईंच्या शेतात उभा आहे. बांध फुटलाय त्या कोपऱ्यात पालक माजलाय. तिथली पानं आम्ही तपासली. ती साफ आहेत. शेत तिचं, खत तेच. तिनं विष ओतलं असतं तर नेमका तोच कोपरा कसा वाचला? तिथं पाण्याबरोबर पलीकडचा चुना उतरला."

"पानी में कुछ भी हो सकता है," पराग म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं.

"दुसरा पुरावा भैय्यालालचे हात. घरी छुही लावली म्हणतो. छुही मऊ माती. बाया पिढ्यान् पिढ्या हातानं लावतात. कोणाची बोटं अशी फाटत नाहीत. फाटतात ती चुन्यानं."

भैय्यालालनं मान खाली घातली.

"आणि तिसरा पुरावा श्रीपादकाकांचा हात." सगळ्यांच्या नजरा वळल्या. श्रीपादरावांना जमिनीत जावंसं वाटलं. "काका पिठलं खाऊन आले होते. बोटांना हळद. इथल्या घमेल्याला हात लागला आणि बोटं लाल झाली. हळदीला साबण लागला तरी ती लाल होते, म्हणून मी विचारलं. साबण नव्हता. घमेल्यात काय होतं? पराग म्हणतात, मुंग्यांची पावडर."

घमेलं शेडमध्ये नव्हतं. पराग चटकन म्हणाला, "वो तो खत्म हो गई. फेंक दी."

"मला वाटलंच. पण थोडी काकांच्या सँडलच्या शिवणीत उरली." तिनं पिशवीतून सँडल काढली, ओल्या हळदीनं माखलेला कापसाचा बोळा काढला आणि शिवणीवरून फिरवला.

बोळा लालभडक झाला.

"अगं बाई, कुंकू!" भीमाबाई दारातून ओरडली. "हळद अन् चुना! माय घरी करे असंच!"

पराग उठला. पण त्याआधी भैय्यालाल बोलला. "साहब रात में डलवाथे. कहिस, बताबे त नौकरी जाही. मोर हाथ जर गे, मैडम." साहेब रात्री चुना टाकायला लावत, सांगितलंस तर नोकरी जाईल म्हणत, आणि त्यातच हात जळले, असं सांगत त्यानं फाटलेले हात सगळ्यांसमोर धरले.

पूर्णिमा मॅडमनी परागकडे पाहिलं. "तुला माहीत होतं. गाळात काय आहे ते तुला आधीपासून माहीत होतं. म्हणूनच चुना घातलास."

"ठेका हाथ से जाता," पराग पुटपुटला. मग मराठीत म्हणाला, "मी फक्त प्लॉट वाचवला."

"आणि ही बाई तुरुंगात गेली असती!"

पोलीस पुढे सरकले. मॅडमनी तिथूनच फोन लावला आणि चाळीस गावांकडे जाणारं गाळखत थांबवायला सांगितलं.

प्रेमला अजून बसून होती. सुटका झाल्याचा आनंद तिच्या तोंडावर नव्हता. तिनं विनोदिनीला विचारलं, "ताई, मंग माया जमिनीतलं ते... निघून जाईन ना?"

विनोदिनी तिच्या शेजारी बसली. "नाही. ते राहील. चुन्यानं दबून राहील, पण राहील. हा पालक मुळासकट काढा आणि जनावरांनाही घालू नका. पुन्हा पालेभाजी लावू नका. आणि पोरांची तपासणी सरकारकडून करून घ्या. मॅडम ऐकून राहिल्या आहेत."

पूर्णिमा मॅडमनी मान डोलावली.

प्रेमला उठली. बायांच्या मधून बाहेर पडली. कोणाकडे न पाहता ती बांध ओलांडून शेतात गेली आणि वाकून पहिलं रोप उपटलं. मग दुसरं.

श्रीपादराव बघत राहिले. एवढं मोठं शेत, आणि बाई एकटी. जाऊन मदत करावी, असं त्यांना वाटलं. पण आपल्याला तिथं कोण बोलावतंय, असंही वाटलं.

भीमाबाई त्यांच्या शेजारून पुढे गेली. बांधावर थांबली. पदर कमरेला खोचला.

"प्रेमले," तिनं हाक मारली. "एकटीनं किती उपटशीन? सर तिकडं."

प्रेमलानं वर पाहिलं नाही. पण ती दोन पावलं बाजूला सरकली आणि वाफ्यात एका बाईपुरती जागा झाली.