राजा पाचव्या अंकात मरतो

"तुमचा राजा मेला का?"

दवाखान्यात कुणी कुणाला असं विचारू नये. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलाने मला विचारलं, आणि खुब्याचं हाड मोडून पडलेल्या माझ्या काकांनी दचकून डोळे उघडले.

त्याच्या हातातही माझ्या हातातलंच पुस्तक होतं – शेवटच्या वर्षाला नेमलेलं इंग्रजी ऐतिहासिक नाटक.

"अजून नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या अंकात खोकतोय."

"माझा चौथ्यात पोचलाय. मुलं वाटण्या करतायत."

बाहेर व्हरांड्यात त्याचे दोन थोरले भाऊ नेमकं तेच करत होते. त्याच्या बाबांचे थोडेच दिवस उरले होते. हे डॉक्टरांना, भावांना, झाडूवाल्या बाईंना आणि पडद्याअलीकडे मलाही माहीत होतं. बाबांना सांगितलं होतं, पित्त झालंय.

परीक्षा तोंडावर आली होती. खिडकीचा उजेड बाबांच्या खाटेशी पडायचा, म्हणून आम्ही तिथे अभ्यासाला बसू लागलो... निदान कारण तरी तेच सांगायचो. रूपकं तो शोधायचा, प्रतीकं मी. मुकुट म्हणजे सत्ता, रिकामं सिंहासन म्हणजेही सत्ता. परीक्षकांना कशातही सत्ता दिसलेली आवडते. पेन्सिल एकच होती. देताना त्याची बोटं जरा रेंगाळायची – आणि मीही ती मागायचं काही थांबवलं नाही.

"मोठ्याने वाचा," बाबा म्हणायचे. "अर्थही सांगा. तेवढीच करमणूक."

आम्ही वाचायचो. चौथा अंक संपला की मात्र तो गुपचूप पहिल्यावर यायचा.

"आणि पाचवा?" एका दुपारी बाबांनी विचारलं.

"तो अभ्यासाला नाहीये."

"चार अंकांवर कुठला राजा सुटतो रे?" ते माझ्याकडे वळले. "तू वाच, पोरी. हा भित्रा आहे, आईवर गेलाय."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली... मी वाचलं. राजा मेला. काकांनी घोरणंसुद्धा थांबवलं.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक, आणि राजा आपला बरं होण्याची वाट बघतोय?" बाबांनी विचारलं.

"याला ड्रॅमॅटिक आयरनी म्हणतात," मी म्हटलं. "प्रेक्षकांना माहीत असतं, पात्रांना नसतं."

"मग इथे पात्रं तुम्ही," बाबा म्हणाले. "बापाच्या पित्तासाठी तीन-तीन मुलगे रजा काढत नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. आणि तुमच्या दोघांचं म्हणाल तर... पेन्सिल दुकानात मिळते."

त्याच आठवड्यात बाबा गेले. भाऊ व्हरांड्यातच होते. वाटणी अर्ध्यावर आली होती.

पेपरला तो उशिरा आला. प्रश्न आलाच होता: ड्रॅमॅटिक आयरनी सोदाहरण स्पष्ट करा.

"उदाहरण कुठलं दिलंस?" फाटकापाशी मी विचारलं.

"बाबांचं."

"गुण जातील."

"जाऊ देत." तो चपलेने एक खडा ढकलत राहिला. "अडचण वेगळीच आहे... आपल्याबद्दल माहीत असलेला प्रेक्षक उठून गेला. आता आपलं आपल्यालाच सांगावं लागणार."

"मग सांग."

त्याने खिशातून पेन्सिल काढली – झिजून बोटाएवढी उरलेली – आणि माझ्यापुढे धरली. मी पेन्सिल राहू दिली, हात धरला.

तेव्हा कुठे तो रडला.