झोक्याची तिसरी नोंद

घड्याळजींच्या लेकीने शाळेचं भौतिकशास्त्र सहा महिन्यांतच संपवलं. मग रद्दीवाल्याकडून महाविद्यालयाचं जाडजूड पुस्तक आणून ती एकटीच त्याच्याशी झुंजू लागली.

"बाबा, जन्मभर लंबक दुरुस्त करता, पण तो असा का हलतो ते ठाऊक नाही तुम्हाला!" ती चिडवायची. "वजन किती याला महत्त्व नाही हो. वजन कुठे आहे, याला आहे."

परसातल्या झोक्यावर ती हे पडताळून पाहत होती. दहा हेलकाव्यांना लागणारा वेळ तिने वहीत नोंदला होता. रिकामा झोका: एकोणतीस सेकंद. मी बसल्यावर: सत्तावीस. मी उभी राहिल्यावर: पुढची जागा कोरी.

"तेवढं एक मोजा ना."

"उद्या," घड्याळजी म्हणाले होते. समोर गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडं पडलं होतं. संध्याकाळी तिला ताप भरला. तो उतरलाच नाही.

महिन्याभराने त्यांनी ते पुस्तक उघडलं. ती कोरी जागा निदान गणिताने भरावी, एवढीच त्यांची इच्छा होती. दहावीनंतर पुस्तकाला हात न लावलेला हा माणूस बावन्नाव्या वर्षी एकेक चिन्ह धुळाक्षरांसारखं गिरवू लागला. समासात तिच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. जिथे ती अडली होती, तिथेच तेही अडत. तिची उंची दाराच्या चौकटीवर कोरलेली होती, ती त्यांनी पट्टीने मोजून घेतली. आठ महिन्यांनी उत्तर आलं: साडेतेवीस.

आधी पहिली नोंद पुन्हा घ्यायची, ही तिचीच शिस्त. एका दुपारी त्यांनी रिकामी फळी मागे ओढून सोडली.

सत्तावीस.

त्यांनी स्टॉपवॉच उघडून साफ केलं, दुकानातल्या सर्वांत भरवशाच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. झोक्याचे दोर मोजले. कशातही फरक नव्हता. वाराही पडलेला होता. आठवडाभर, रोज, सत्तावीस.

"अहो, रिकाम्या झोक्यापुढे किती बसायचं माणसाने?" बायको दारातून म्हणाली.

"रिकामा असता तर एकोणतीस आले असते," ते बोलून गेले.

ती आत वळली.

आठव्या दिवशी त्यांनी फळीला हात लावला. सावलीत असूनही ती कोमट होती.

"उभी राहा, बाळ," ते हलकेच म्हणाले. "आज मोजतो."

दोर करकरले.

साडेतेवीस.

त्यांनी आकडा वहीत लिहिला. अक्षर नीट काढलं. एकदाच घेतलेली नोंद ही नोंदच नव्हे, असं ती म्हणायची. त्यांनी फळी पुन्हा सोडली.

एकोणतीस.

पुन्हा सोडली. एकोणतीस.

फळी आता गार होती.

घड्याळजी वही मिटून तसेच बसून राहिले. एवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली, अगदी पूर्वीच्या सवयीच्या सुरात:

"पाय पुसून ये गं आत!"

मग एक भांडं पडलं.