अंड्यावरची पाळी

माझी शाळा चौथीतच सुटली. गिधाडांबद्दल मला जे कळतं ते तीस वर्षं त्यांच्यात वावरून, आणि ते कुणा डॉक्टरपेक्षा कमी नाही. आमचं पक्षीघर चार मजले उंच, जाळीचं. आत पंख न छाटलेली गिधाडं मनसोक्त घिरट्या घालत. तेवढी जागा मिळावी म्हणून साहेबांशी सात वर्षं भांडले मी.

त्या दुपारी नेहमीसारखी मांसाची बादली घेऊन आत गेले. धुकं इतकं की वरची जाळी दिसत नव्हती. एका जोडीतला नर मरून तीन दिवस झाले होते. उंच फळीवरच्या घरट्यात मादी एकटीच अंडं उबवत बसली होती, उपाशी. गिधाडं पाळीपाळीने बसतात. जोडीदार आल्याशिवाय उठत नाहीत. आता पाळी बदलायला येणार कोण?

पक्ष्यांचे डॉक्टर शिडी घेऊन मागोमाग आलेच.

“मावशी, अंडं उबवायच्या मशीनमध्ये ठेवू. नाहीतर दोघंही जातील.”

“मशीनमधलं पिल्लू माणसालाच आई समजतं. तुमच्या मागे मागे चालेल जन्मभर. उडणार कधी?”

“चालू दे. जगेल तरी.”

मी बादली खाली ओतली. तेवढ्यात धुक्यातून पंखांचा आवाज आला आणि मादी माझ्या पायांशी उतरली. खाऊ लागली. घाईने नाही... सावकाश, हाडावरून मांस सोलत, मध्येच पिसं विंचरत. वर एकदाही पाहिलं नाही तिने.

“सोडलं तिने अंडं,” डॉक्टर कुजबुजले. “गार व्हायच्या आत काढतो.”

शिडी करकरली. ते धुक्यात शिरले. खालून मला नुसते बूट दिसत होते. ओल्या पिसांचा वास दाटून आला. बाकीची गिधाडं समोरच्या ओंडक्यावर माना आत ओढून बसलेली. एकूण एक तिथंच होती.

“मिळालं का?”

वरचे बूट थबकले.

“डॉक्टर?”

“घरट्यात कुणी नाही, मावशी... पण अंड्यावर हात ठेवला, आणि... हातावर काहीतरी बसलंय. जड आहे. गरम आहे. श्वास घेतंय...”

मादी निवांत खात होती. शिडी मी घट्ट धरली.

“हात हळूच काढा,” मी म्हटलं. “त्याची पाळी आहे. त्याला उठवू नका.”