समुद्रात पिंजरा

"इथे ती शार्कवाली मुलगी कुठे राहते हो?"

दुचाकी कडेला लावून, हेल्मेट काढत त्याने विचारलं. नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हारच्या अलीकडे आमचा पेरूचा स्टॉल आहे, तिथे मी पेरू निवडत बसले होते. शार्कवाली मुलगी मीच होते. पण त्या व्हिडिओत माझ्या तोंडावर पाण्यातला चष्मा आणि नळी होती, त्यामुळे सख्ख्या मामानेसुद्धा मला ओळखलं नव्हतं.

"कशाला हवीय?" मी विचारलं.

"मुलाखत घ्यायचीय. मी अवधूत, राहात्याहून आलोय. तिची पहिली बातमी मीच केली होती."

अस्सं... म्हणजे हाच तो.

चार दिवसांपूर्वी याच्या बातमीने माझं आयुष्य उलटंपालटं केलं होतं. 'शार्कच्या जबड्यातून सुटली कोल्हारची कन्या!' खाली लालभडक अक्षरं, कुठल्या तरी भलत्याच समुद्रातला आ वासलेला शार्क, आणि माझा रक्ताळलेला पाय. खरी गोष्ट एवढीच, की आम्ही मैत्रिणी मालवणला गेलो होतो, पाण्याखाली मला हातभर लांबीची मुशी, म्हणजे निरुपद्रवी छोटा शार्क, दिसली, आणि मी आनंदाने ओरडत वर आले. चढताना होडीच्या शिडीला चिकटलेल्या शिंपल्यांनी टाच कापली. होडीवाले काका हसत म्हणाले होते, "मुशी गो ती. तुका बघून पळाली बिचारी." आमच्यातल्या रेश्माने ते चित्रण हौसेने मोबाईलवर टाकलं, आणि पुढचं सगळं या महाशयांनी केलं.

"ओळखता का तुम्ही तिला?" त्याने विचारलं.

"थोडीफार."

"कशी आहे?"

"हुशार आहे म्हणतात. जरा तापट आहे."

"आणि पाय? पाय वाचेल ना तिचा?" हे मात्र त्याने इतक्या काळजीने विचारलं, की मला हसूच आलं.

मी क्रेटमागून बाहेर आले आणि त्याच्यासमोर उभी राहिले. त्याने माझ्या टाचेवरची बोटभर पट्टी पाहिली, मग मला पाहिलं. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"तुम्ही...?"

"मीच. धनश्री. पिंजरा कुठे लावायचा ठरलं का?"

त्याने मान खाली घातली. बातमीच्या शेवटी लिहिलं होतं, 'शेतकऱ्यांमध्ये भीतीचे वातावरण असून, वन विभागाने तातडीने पिंजरा लावावा अशी ग्रामस्थांची मागणी आहे.' समुद्रात पिंजरा!

"बिबट्याची बातमी होती ती," तो पुटपुटला. "आमच्याकडे आठवड्याला तीन बिबटे येतात. जुनी बातमी घ्यायची, गाव बदलायचं, नाव बदलायचं... शेवटचा परिच्छेद तसाच राहिला."

"एक फोन करायचा होतात. बाई गं, तुला खरंच कुणी चावलं का, एवढं तरी विचारायचं. समोरच्याला विचारतात हो आधी."

मग मी त्याला सगळं ऐकवलं. गोजरआत्या नारळ आणि खण घेऊन ओटी भरायला आली होती. निम्मं गाव आजाऱ्याला भेटावं तसं मला बिस्किटांचे पुडे देऊन गेलं. त्याचंही काही वाटलं नसतं. पण रत्नागिरीला मत्स्यशास्त्राच्या एमएस्सीत माझा नंबर लागला होता. लांबत लांबत दिवाळीपर्यंत आलेले प्रवेश सोमवारी बंद होणार होते, आणि माझे वडील, नाना, म्हणाले होते, "पान्यात जायचं न्हाई म्हंजी न्हाई."

बोलता बोलता मी एकच पेरू पुन्हा पुन्हा पुसायला लागले. आता हा सॉरी म्हणणार आणि जाणार, असं मला वाटलं.

"दिसते कशी ती?" त्याने विचारलं.

"कोण?"

"मुशी. मी समुद्रच पाहिलेला नाही."

चार दिवसांत मला शंभर माणसांनी विचारलं होतं, 'सुटलीस कशी?' ती दिसते कशी, हे कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगत सुटले. तिची राखाडी पाठ, मांजरीसारखा डोळा, अंग न हलवल्यासारखं करून निसटण्याची ढब... तो दुचाकीला टेकून ऐकत होता, वही उघडायचंही विसरला होता. मला तो आवडायला लागला होता, आणि या गोष्टीचा मला फार राग आला.

"नानांना भेटतो मी," तो म्हणाला.

नाना ओट्यावर बसले होते. अवधूतने चपला काढल्या, हात जोडले आणि आडवळण न घेता सांगून टाकलं, "ती बातमी मी लिहिली. यांना न विचारता. खोटी आहे ती."

नानांनी त्याला खालून वर पाहिलं. "आन त्यो पिंजरा कुटं लावायचा हुता, पत्रकार?"

"चुकलं माझं."

आईने चहा आणला. कप हातात घेत अवधूतने सहज विचारलं, "नाना, तुम्ही बिबट्या पाहिलाय?"

नानांचा चेहरा खुलला. "लई येळा. परवाच उसाला पानी द्यायला गेल्तो, तर बांधावर बसल्याला. डोळे असे... सोन्यावानी."

"भ्यायला नाहीत?"

"त्यो त्याच्या वाटनं, आमी आमच्या. उगं कशाला खाईल?"

अवधूत बशीतला चहा फुंकू लागला. नाना बोलता बोलता थांबले. उसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "आन तुजा मासा... त्यो कसा हुता गं?"

मी सांगायला लागले, आणि माझे डोळे वाहायला लागले. नाना शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग आईला म्हणाले, "हिची बॅग काढ माळ्यावरनं."

पुढचे तीन दिवस अवधूतचे फोन येत होते. खुलाशाची बातमी पक्की करायची होती म्हणे.

"शेपटी वर-खाली हलते, की डावी-उजवीकडे?"

"डावी-उजवीकडे. सकाळीच सांगितलं की."

"खात्री करून घेतोय. आणि... जेवलात का तुम्ही?"

"हे बातमीत येणार आहे?"

"नाही. हे माझ्या माहितीसाठी."

शनिवारी खुलासा आला. 'तो हल्ला नव्हताच, आमची चूक.' खाली त्याचं स्वतःचं नाव होतं. पहिली बातमी चार लाखांनी पाहिली होती, हा खुलासा एक्केचाळीस जणांनी. त्या एक्केचाळिसांत नाना होते, आणि त्यांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला.

रविवारी सकाळी कोल्हारच्या स्टँडवर नाना बॅग घेऊन उभे होते. अवधूत आला. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्याला पाण्याची बाटली घ्यायचीय हे त्यांना अचानक आठवलं. जाताना म्हणाले, "सावकाश येतो."

"नोकरी राहिली का?" मी विचारलं.

"मालक चिडलेत. बघू." तो हेल्मेटचा पट्टा चाळवत होता. "एक बातमी आहे माझ्याकडे... पण अजून छापलेली नाही."

"का?"

"एकच बाजू मिळालीय. माझी." त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. "राहात्याच्या एका माणसाचं कोल्हारच्या एका मुलीवर मन बसलंय. खरी आहे, मी चारदा तपासली. पण समोरच्याला आधी विचारायचं असतं ना... तुमचं काय म्हणणं आहे?"

तेवढ्यात गाडी आली. धूळ उडाली, लोक दाराशी लोटले. मी एका हाताने ओढणी आणि दुसऱ्या हाताने पिशवी सांभाळत होते, आणि तो तिथेच, माझ्या उत्तरासाठी थांबला होता. घाई करत नव्हता, स्वतःच काही ठरवून टाकत नव्हता. त्यासाठीच तो मला इतका आवडला.

नाना बाटली घेऊन आले, बॅग आत चढवली. मी त्यांच्या पाया पडले आणि खिडकीशी जाऊन बसले. गाडी हलली, तसा अवधूत खिडकीबरोबर चालू लागला.

"प्रतिक्रिया...?" त्याने विचारलं.

"समुद्र बघायला या आधी," मी म्हणाले. गाडीने वेग घेतला, तशी मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "आणि छापा..."

मागे नाना आणि तो, दोघेही हात हलवत उभे होते.