कुरडयांवरचे कावळे

"आज पिशवी मोठी घ्या," अंतराने फर्मान सोडलं.

इचलकरंजीहून सुट्टीला आलेला तिचा मामेभाऊ वरद, शेजारची स्नेहल आणि ती, तिघांनी कैरीच्या फोडी तिखटमिठात बुडवत बेत पक्का केला होता. गल्लीपलीकडे झुंबरबाईंच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. अर्धवट वाळलेली कुरडई काय चीज असते, हे ज्याने चोरून खाल्ली त्यालाच ठाऊक! काल या तिघांनी ताटभर फस्त केल्या होत्या.

अंतरा आपल्या गच्चीच्या दारातून डोकावली आणि हातातली फोड हातातच राहिली. समोर कुरडयांवर सात-आठ कावळे बसले होते. खुशाल, पंगतीला बसल्यासारखे.

आयतीच संधी आहे, असं वरदचं म्हणणं. अंतराला मात्र हे खटकलं. झुंबरबाईंच्या गच्चीवर कावळ्याची सावलीसुद्धा टिकत नसे. त्यांची आरोळी कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत ऐकू जायची. आणि आज कावळे हाकलायची त्यांची काठी कुरडयांच्या मधोमध पडली होती. जिन्याच्या खोलीपलीकडचं काही दिसत नव्हतं. दुपारचा दीड वाजला होता, सारी गल्ली दारं लावून कूलरपुढे पडली होती, आणि ऊन असं की डोळे उघडवत नव्हते.

तिघं पळतच झुंबरबाईंच्या घरी गेली. त्यांचे दीर गणपतराव जेवून आडवे झाले होते आणि उशाशी कूलर घरघरत होता. अंतराने धापा टाकत सगळं सांगितलं.

"वैनी आत झोपल्यात," ते डोळे न उघडताच म्हणाले. "आन् गच्चीला मी मगाशीच कुलूप घातलंय. काल तुमीच डल्ला मारलाय न्हवं? कळतंय की मला. चला, सुटा."

अंतराला दरदरून घाम फुटला. म्हणजे कुलूप त्यांच्याच चोरीमुळे लागलं होतं! आतल्या खोलीत एकदा बघा तरी, म्हणून तिने विनवलं. गणपतरावांनी कूस बदलली.

माणसासाठी न उठणारा माणूस कशासाठी उठेल? अंतरा बाहेर धावली आणि त्यांच्या खिडकीशी जाऊन जीव खाऊन ओरडली, "गणपतकाका! पोरं गच्चीवर चढल्यात! कुरडया न्हेल्या समद्या!"

गणपतराव बनियनवरच उठले. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात चप्पल, आणि धडाधड जिना चढले. तिघं मागोमाग.

कुलूप निघालं, दार उघडलं. झुंबरबाई बाहेर दाराशीच पडल्या होत्या. दारावर त्यांच्या हातांचे, कुरडयांच्या चिकाने भरलेले पांढरे पंजे उमटले होते. एकावर एक, कितीतरी. गणपतरावांच्या हातातली चप्पल गळून पडली.

गेल्या, असंच अंतराला वाटलं. तिने घाबरत हात लावला. अंग कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं, पण श्वास चालू होता. गणपतरावांनी खालून तांब्या आणून त्यांच्या तोंडाला लावला तशी अंतरा किंचाळली, "पाजू नका काका! शुद्ध न्हाय त्यास्नी. पाणी श्वासात जाईल!"

शाळेत शिकवलेलं हे सगळं तिला आत्ता आठवत होतं. सगळ्यांनी मिळून झुंबरबाईंना जिन्याच्या सावलीत घेतलं. वरदने गच्चीवरचा नळ सोडला तर पाणी चटका देणारं; तो खाली पळाला आणि स्वयंपाकघरातला माठच उचलून घेऊन आला. लुगडं भिजवलं, मानेला आणि काखेत ओले पंचे ठेवले. स्नेहलने १०८ ला फोन लावला. अंतरा सुपाने वारा घालत होती आणि मनात घोकत होती, ऊठ की गं आज्जी, परत नाही चोरणार.

रुग्णवाहिका दाराशी आली तेव्हा कुठे झुंबरबाईंचे ओठ हलले.

चौथ्या दिवशी त्या घरी आल्या. आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं एव्हाना साऱ्या गल्लीला कळलं होतं. गणपतरावांनी सगळ्यांसमोर कान धरले, गच्चीच्या दाराची कडीच उखडून टाकली आणि पोरांच्या हुशारीचं तोंडभर कौतुक केलं. अंतराला ते कौतुक टोचत होतं. शेवटी तिला राहवलं नाही.

"आज्जी, त्या कुरडया आमीच खाल्ल्यात. म्हणूनच कुलूप लागलं."

"ठावं हाय की मला," झुंबरबाई म्हणाल्या. "दरसाल एक ताट तुमच्या वाटणीचं घालतो मी. ते तुमी संपवलंसा, म्हणून तर दुपारी परत घालाय चढलो. माझंबी चुकलंच. आता सकाळी सातला यायचं तुमी, आन् धाच्या आत खाली उतरायचं."

आणि त्यांनी उशाशी ठेवलेली काठी अंतरापुढे धरली. "ही घे. सावलीत बसून राखायचं. एक कावळा बसता कामा नये."

अंतराने काठी घेतली, आणि चार दिवस दाबून धरलेलं रडू तिला आवरलं नाही.