मनगटांची सावड

पुण्याच्या आरोग्य नियोजन केंद्रात चारुलता बेंडाळे सकाळपासून येरझाऱ्या घालत होती. भिंतीवरच्या नकाशात डोंगरातली उंबरमाळ वाडी अकरा महिने हिरवीगार दिसत होती.

"तीनशे बारा माणसं, आणि एकालाही साधा ताप नाही?"

"हेवा वाटतोय का?" नचिकेत वझे हसला. गावोगावची आरोग्याची गरज मोजून आपणच निर्णय घेणारी यंत्रणा, गरजमापक, त्या दोघांनीच घडवली होती. "मनगटावरचा नाडीपट्टा खोटं बोलत नाही. जिथे पट्टे लाल, तिथे डॉक्टर आणि निधी. जिथे हिरवे, तिथला दवाखाना बंद. पूर्वी वशिला लागायचा, आता फक्त गरज. नियम तुझाच आहे, बाई. सोमवारी उंबरमाळ बंद."

नियम आपला, म्हणूनच तिला चैन पडेना. तिचा स्वतःचा पट्टा रक्तदाबाने महिन्यातून दोनदा तरी लाल व्हायचा, आणि दर वेळी दहा मिनिटांत रुग्णवाहिका दारात यायची. दुसऱ्या दिवशी रक्तदाबाची गोळी घेऊन तिने सकाळची एसटी गाठली.

उंबरमाळच्या दवाखान्याच्या ओट्यावर सोपान नावाचा दणकट गडी बसला होता. त्याच्या दोन्ही हातांवर मिळून नऊ पट्टे होते, सगळे हिरवे.

"सावड हाय, मॅडम," परिचारिका कुसुम शेलार जराही न लाजता म्हणाली. "रानात कसं, आज तुझ्यात, उद्या माझ्यात राबायचं. तसंच हे. पट्टा लाल झाला की त्या घराला औषधापायी जास्ती पैसं भरावं लागतात. मग दुखणाईताचा पट्टा धडधाकट माणसानं घालायचा. आज सोपान आन् आणखी सात-आठ जण, उद्या दुसरं कुणी."

"आणि दुखणाईत?"

"हितं येतो. मी हाय की."

"सोमवारपासून नसाल."

कुसुमचा चेहरा उतरला. तिने चारुलताला आत नेलं. खाटेवर सात महिन्यांची गरोदर यमुना डोकं गच्च धरून पडली होती. रक्तदाब एकशे सत्तरच्या वर, डोळ्यांपुढे अंधारी. तिला ताबडतोब तालुक्याला न्यायला हवं होतं. एसटी परत गेली होती, वाडीत दुसरं वाहन नव्हतं आणि रुग्णवाहिका फोनवर नव्हे, लाल पट्ट्यावरच सुटायची. तोही चारुलताचाच नियम.

"ज्याचा पट्टा त्याच्या हातात घाला! आत्ताच्या आत्ता!" ती जवळजवळ ओरडलीच.

सोपान आणि कुसुम घरोघर धावले. तासाभरात सत्तर पट्टे लाल झाले, यमुनेचाही. चारुलताने सुटकेचा श्वास टाकला, तोच नचिकेतचा फोन आला.

"चारू, मापकाने उंबरमाळचे पट्टे बाद ठरवलेत. अकरा महिने ठणठणीत असलेली सत्तर माणसं एका तासात आजारी पडत नाहीत, म्हणजे पट्टेच बिघडलेत. दुरुस्त होईपर्यंत जुनी सरासरी धरायची."

"म्हणजे हिरवी."

"हिरवी. लबाडी पकडायला ही तपासणी तूच घातलीस ना?"

"नचिकेत, इथे एक बाई मरेल. तू गाडी पाठव!"

"कशी पाठवू? माणसाला त्यात हात घालता येऊ नये, म्हणून तर मापक केला आपण."

तिला स्वतःची भयंकर चीड आली. अकरा महिने खोटं चाललं तेव्हा मापक गप्प होता, आणि खरं बोलताच त्याला संशय आला. यमुना कण्हली. चारुलताने मनगटावरचा आपला, पुण्यात नोंदलेला पट्टा ओरबाडून काढला आणि यमुनेच्या हातात घातला.

मिनिटभरात फोन पुन्हा वाजला. "चारू! तुझा पट्टा लाल झालाय! जुनाच त्रास दिसतोय. घाबरू नकोस, तू आहेस तिथे, उंबरमाळला, गाडी निघालीसुद्धा!"

हसावं की रडावं, चारुलताला कळेना. कुसुमने यमुनेचा पट्टा तिच्यापुढे धरला.

"हात मोकळा राहिला, मॅडम. सावड हाय."

चारुलताने हात पुढे केला.

यमुना वाचली. बाळही वाचलं. सोमवारी मापकाचा आदेश निघाला: उंबरमाळ निरोगी, दवाखाना बंद. परिचारिका कुसुम शेलार यांची बदली पुण्याला, चारुलता बेंडाळे राहतात त्या भागात. तिथल्या एका पट्ट्यावर गंभीर नोंद; गरज वाढली आहे.