दिवेलागणीचा वास

वच्छलाबाई चूल पेटवायची ती अंगणातल्या उंच ओट्यावर, आणि तीही ऊन डोक्यावर असताना. दोन्ही वेळच्या भाकरी एकदमच थापायच्या आणि सांजेची गार खायची. घरात काडी ओढायची नाही, हा तिनं स्वतःला घातलेला नेम. गावात म्हणत, किसनराव गेले आणि बाईचं डोकं फिरलं. म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार!

तिच्या नवऱ्याला नेलं ते टँकरनं. कारंजा घाडग्याच्या अलीकडच्या उतारावर, ऐन वैशाखात, तो महामार्गावरून कलंडला. आत डायइथाइल अमीन नावाचं रसायन होतं. गावानं त्याला मासोळीचा टँकर म्हटलं, कारण सडक्या मासोळीचा वास सुटला होता. त्या उन्हात बघता बघता त्याची वाफ झाली, पण ती वर गेली नाही. हवेपेक्षा जड आणि ठिणगीनं पेटणारी ती, पाण्यासारखी उतार धरून शेताकडे आली आणि खोलगटात साचली. किसनराव तेव्हा मोटारीचा पाइप बसवायला विहिरीत उतरले होते.

अग्नी कारंज्याला दिला. गावात पोलिसांनी विस्तवच बंद केला होता. माणूस घरात जिथं ठेवला होता तिथं दिवा लावायचा, शेजारी टोपल्याखाली पीठ पसरायचं आणि सकाळी त्यात पाऊल शोधायचं, ही रीत. वच्छलाबाईनं पीठ पसरलं, पण दिवा नाही. सकाळी पीठ जसंच्या तसं.

“अंधारात त्यायले वाट दिसली नाई,” शेजारची जयवंता म्हातारी म्हणाली. ते बोलणं वच्छलाबाईच्या काळजात रुतून बसलं.

तेव्हापासून दिवेलागणीला घरात तो वास येऊ लागला. उभं राहिलं तर काही नाही. खाली बसलं की येई. आधी घोट्याएवढा होता, आषाढात मांडीला लागला. मांजर घर सोडून गेलं. वच्छलाबाई मात्र गोधडी अंथरून त्यातच बसायची. कापसाची पऱ्हाटी केवढी झाली, कोणाची गाय व्याली, सारं सांगायची. दिवसभर भिंतींची तोंडं बघून जीव नकोसा झालेली बाई, तिला त्या वासाची भीती कसली? भीती एकटेपणाची होती. ती तेवढ्या घटकेपुरती सरायची.

दिवाळीआधी तिची मुलगी सुरभी वर्ध्याहून आली, ती श्रीनिवास सरांना घेऊन. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत.

“माय, सर मीटर लावून पाह्यतात. काई नाई निघालं तं दिवा लावजो, अन् माह्यासंगं वर्ध्याले, नालवाडीच्या खोलीवर चालजो.”

“अन् निघालं तं?”

सुरभीनं समई पुसायला घेतली.

सांज झाली. सरांनी वायू मोजायचं मीटर भुईला टेकवलं, दारापाशी धरलं, कोपऱ्यात धरलं. आकडा शून्यावरून हलेना.

“मावशी, हे द्रव्य टिकत नाही. हवेत काही तासांत मोडतं. मातीत, पाण्यात जंतू खाऊन टाकतात. इतक्या महिन्यांनी काही उरणं शक्यच नाही.”

“तुमाले वास येऊन नाई राह्यला?”

सर उकिडवे बसले होते. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. “मीटरला येत नाही,” एवढंच ते म्हणाले.

वच्छलाबाईनं समईत तेल घातलं. दिवा लागला की त्यांना वाट दिसेल, ते सुटतील. मग आपण आणि नालवाडीची परकी खोली. पण गेलेल्या माणसाला स्वतःच्या सोबतीसाठी किती अडकवून ठेवायचं?

“जा आता,” शेजारच्या रिकाम्या गोधडीकडे बघत ती हलकेच म्हणाली. “माही काळजी नोका करू.”

तिनं वात पेटवली.

समईपासून एक निळी रेघ सुटली. भुईलगत, जराही आवाज न करता. सारवण करपलं नाही.

“बाहेर व्हा!” सर ओरडले. सुरभी अंगणात धावली.

अशी ज्योत मागे पळते, वाफ जिथून येते तिथवर. सरांना हे पाठ होतं. ती विहिरीकडे जाणार म्हणून ते दारातून बाजूला झाले. वच्छलाबाई गोधडीवर बसली होती. तिनं दाराकडे बघून हात जोडले.

रेघ उंबऱ्यापर्यंत गेली.

थांबली.

मग वळली, आणि सरळ वच्छलाबाईच्या पावलांशी येऊन विझली. लुगड्याचा काठसुद्धा जळला नाही.

मीटर किंचाळू लागलं. सर ते दाराकडे नेत तेव्हा गप्प होई, बाईकडे नेलं की पुन्हा सुरू.

“माय, ऊठ तिथून!” सुरभी बाहेरून रडत होती.

वच्छलाबाईचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती.

“मी उगाच त्यायले वाट दाखवून राह्यली होती,” ती म्हणाली. “ते तं गेलेच नाई कुठी.”

तिनं समई विझवली आणि बसल्या जागी जराशी सरकली. तिच्या शेजारची रिकामी गोधडी हळूहळू दबत गेली.